पंचवीसऐवजी पंधराच लाईट : आईला उपचार कमी मिळतोय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ५८. डाव्या स्तनातली गाठ काढली, स्तन राखला, केमो संपली. आता नवी मुंबईतल्या रुग्णालयात त्यांना १५ दिवस लाईट, म्हणजे किरणोपचार (रेडिएशन), घ्यायला सांगितलंय. मावशींना २००९ मध्ये २५ आणि वर आणखी ५ दिले होते, म्हणून घरात शंका सुरू झाली की गर्दीमुळे आपल्याला लवकर मोकळं करतायत का. भाऊ म्हणतो, दुसरीकडे जाऊन पूर्ण २५ घेऊ. शेजारी म्हणतात, खारघरला प्रोटॉन (क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी करायचा उपचार) आलंय, कर्ज काढा पण तेच करा. शिवाय तुम्ही विचारलंय की हे १५ दिवसांचं संशोधन परदेशातल्या बायकांवर झालेलं, ते आपल्याकडे लागू पडतं का, आणि मशीन रोज ठरलेलं तेवढंच देतं हे कशावरून.

मी डॉक्टर नाही, मेडिकल फिजिसिस्ट आहे. कुठे किती मात्रा द्यायची हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात. ती मात्रा त्याच जागी आणि तेवढीच पडेल असा प्लॅन करणं, आणि मशीन तपासत राहणं, हे आमचं काम. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात हे काम मी वीस वर्षांहून जास्त करतेय. आईंचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबतीत शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण तुमच्या घरात जी भीती शिरली आहे ती मला चांगली ओळखीची आहे. आमच्या वेटिंगमध्ये बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना पहिला प्रश्न हाच विचारतात : "तुमचे किती?" आणि जिचे कमी, तिचा चेहरा उतरतो.

खरा प्रश्न १५ की २५ हा नाहीच. रोज किती, एकूण किती आणि किती दिवसांत, या तीन आकड्यांचा मिळून परिणाम काय होतो, हा प्रश्न आहे. दिवस हा त्यातला एकच आकडा. मावशींना बहुधा रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) असे २५ दिवस, म्हणजे ५० ग्रे दिले असतील, आणि वरचे ५ हे गाठ होती त्या जागेला दिलेले बूस्ट, म्हणजे जादा मात्रा. आईंना बहुधा रोज २.६७ ग्रे, म्हणजे पावणेतीनला थोडं कमी, असे १५ दिवस, एकूण ४० ग्रे. त्यांच्या फाइलमध्ये हे लिहिलेलं असतं, ते बघून घ्या.

इथे लगेच कोणीही म्हणेल, ४० हे ५० पेक्षा कमीच की. हे समजायला थोडं आत शिरावं लागेल.

आपल्याकडे या उपचाराला 'शेक' म्हणतात, आणि मला वाटतं घोळ तिथूनच सुरू होतो. शेक म्हटलं की उष्णता डोळ्यांसमोर येते, आणि शेक जितका जास्त वेळ तितका गुण जास्त असं वाटतं. एक ग्रे म्हणजे एक किलो शरीरात शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा. आईंच्या अख्ख्या उपचाराचे ४० ग्रे एकदम दिले तरी तिथलं तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकंच वाढेल. चहाच्या एका घोटातून शरीरात यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता जाते. म्हणजे काम उष्णतेचं नाहीच. किरणांची ऊर्जा पेशीत सगळीकडे सारखी पसरत नाही, बारीक बारीक ठिणग्यांसारखी पडते, आणि त्यातल्या काही पेशीच्या डीएनएवर पडतात. डीएनए म्हणजे दोन पदरांची पिळलेली दोरी. एका ग्रेमागे प्रत्येक पेशीत साधारण हजार ठिकाणी एक पदर तुटतो, आणि तीस-चाळीस ठिकाणी दोन्ही पदर तुटतात. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्याकडे बघून तो बिनचूक जोडते. दोन्ही तुटले की जोडणं अवघड होतं, जोड चुकतो, आणि अशी पेशी पुढे विभागायला गेली की मरते. कॅन्सरच्या पेशीला आपण मारतो ते असं.

आता मुद्द्याची गोष्ट. पेशी दोन तऱ्हांनी मरते. एक म्हणजे एकाच फटक्यात भरून न येणारी इजा होते. ही मात्रेच्या सरळ प्रमाणात वाढते, दुप्पट मात्रेला दुप्पट. दुसरी तऱ्हा म्हणजे दोन लहान इजा एकमेकींजवळ, पहिली भरून यायच्या आत होतात आणि मिळून घातक ठरतात. ही मात्रेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, दुप्पट मात्रेला चौपट. त्यामुळे रोजची मात्रा थोडी वाढवली तरी परिणाम त्याहून जास्त वाढतो. ४० आणि ५० हे आकडे शेजारी ठेवून नुसती वजाबाकी करता येत नाही ती यामुळे. २६ जुलै २००५ आठवून बघा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढाच पाऊस महिनाभर रोज थोडा थोडा पडला असता तर नाल्यांनी आणि खाडीने तो वाहून नेला असता. पाणी तेवढंच, पण किती वेळात पडलं त्यावर सगळं ठरलं. शरीरात निचऱ्याचं काम पेशींची दुरुस्ती करते, आणि ती बरीचशी काही तासांत होते. दोन लाईटच्या मध्ये जवळजवळ चोवीस तास जाऊ देतात ते यासाठी.

मग २५ हा आकडा आला कुठून? रोंटगेनना क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, आणि सुरुवातीला डॉक्टर एकाच बैठकीत मोठी मात्रा देत. गाठ जळायची, पण कातडीही जायची. पुढे पॅरिसमध्ये क्लॉड रेगो यांनी मेंढ्याच्या वृषणांवर प्रयोग केले. एकाच मोठ्या मात्रेने मेंढा निर्बीज करायला गेलं की वरची कातडी खराब व्हायची. तेच काही दिवसांत विभागून दिलं की काम व्हायचं आणि कातडी वाचायची. वृषणातल्या झपाट्याने विभागणाऱ्या पेशी म्हणजे जणू कॅन्सर, आणि कातडी म्हणजे आजूबाजूचा निरोगी भाग, असा अर्थ त्यातून निघाला. तिथेच, रेगो यांच्या संस्थेत, आंरी कुतार यांनी घशाच्या कॅन्सरला विभागून मात्रा द्यायला सुरुवात केली. तिथून रोज थोडं, आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे, ही रीत जगभर पसरली. दोन ग्रे रोज हे अनुभवातून बसलेलं माप आहे. शरीराने घालून दिलेला तो नियम नव्हे. आणि पाच दिवस का, तर शनिवार-रविवार रुग्णालयाला सुट्टी म्हणून.

ही रीत बरीच वर्षं योग्यच वाटत राहिली, कारण तिच्यामागे एक गृहीत होतं : कॅन्सरला रोजची मात्रा लहान की मोठी याने फारसा फरक पडत नाही, पण निरोगी भागाला पडतो, तेव्हा रोज लहान मात्रा दिली की निरोगी भाग वाचतो. घशाच्या कॅन्सरला हे लागू पडतं. स्तनाच्या कॅन्सरला ते तितकंसं लागू पडत नाही हे कळायला मोठे प्रयोग करावे लागले.

आणि ते प्रयोग सावधपणे का करावे लागले हेही सांगायला हवं, कारण तुमच्या भावाच्या भीतीला इतिहासात आधार आहे. पूर्वी, विशेषतः ब्रिटनमध्ये, काही बायकांना रोजची मात्रा वाढवून दिली गेली, पण एकूण मात्रा त्या मानाने पुरेशी उतरवली नव्हती. कित्येकींच्या काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना वर्षांनंतर इजा झाली, हात कायमचे दुखावले. त्यामुळे 'दिवस कमी करा' असं कोणी नुसतं म्हटलं तर आमच्या पेशातल्या माणसाने आधी दचकायलाच हवं. रोजची मात्रा वाढवली की एकूण किती उतरवायची, हेच तर शोधायचं होतं.

ते स्टार्ट नावाच्या ब्रिटिश चाचण्यांनी शोधलं. त्यातल्या स्टार्ट-बी या चाचणीत १९९९ ते २००१ या काळात २,२१५ स्त्रिया घेतल्या. चिठ्ठी टाकावी तसं नशिबाने ठरवून निम्म्यांना २५ दिवसांत ५० ग्रे आणि निम्म्यांना १५ दिवसांत ४० ग्रे दिले. कोणाला काय मिळणार हे ना डॉक्टर निवडत होते ना रुग्ण, म्हणून नंतर दिसलेला फरक उपचाराचाच मानता येतो. मग दहा वर्षं वाट पाहिली. दहा वर्षांनी २५ दिवसवाल्या गटात शंभरात ५.५ जणींना त्याच बाजूला पुन्हा आजार झाला होता, १५ दिवसवाल्या गटात ४.३ जणींना. या फरकावरून १५ दिवस जास्त गुणकारी असं म्हणता येत नाही, तेवढा तो मोठा नाही. पण १५ दिवसांत आजार जास्त उलटतो ही भीती मात्र त्याने दूर केली. शिवाय स्तन आक्रसणं, सुजणं, कातडीवर लाल शिरा दिसणं हे त्रास १५ दिवसवाल्या गटात कमी निघाले. कॅनडातही १६ दिवसांत ४२.५ ग्रे देऊन अशीच चाचणी झाली, आणि तिचेही दहा वर्षांचे निकाल २०१० मध्ये याच दिशेचे आले.

त्रास कमी का, हे मी रोजच्या हिशोबातून सांगू शकते. आम्ही वेगवेगळ्या पद्धती एका मापात आणायला 'रोज दोन ग्रेने दिलं असतं तर किती' असा हिशोब करतो. कातडीखालच्या भागासाठी तो केला तर आईंचे ४० ग्रे हे जुन्या पद्धतीच्या साधारण ४५ सारखे निघतात. म्हणजे निरोगी भागाला मावशींपेक्षा थोडं कमीच. कॅन्सरच्या पेशींसाठी हिशोब केला तरी आकडा ४५ च्याच आसपास येतो, कारण या चाचण्यांतून दिसलं की स्तनाचा कॅन्सर रोजच्या मात्रेला जवळजवळ निरोगी भागासारखाच संवेदनशील आहे. तरीही आजार जास्त उलटला नाही. त्यात एक वाटा वेळेचा आहे : सगळं काम पाचऐवजी तीन आठवड्यांत आटोपतं आणि उरल्यासुरल्या पेशींना मधल्या काळात वाढायला कमी फुरसत मिळते.

आतापर्यंतचं एका ओळीत : आईंना मावशींचा उपचार अर्धवट कापून दिलेला नाही, तो मुळातूनच वेगळ्या मापाने बेतलेला आहे.

गर्दीबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंत, म्हणून स्पष्ट सांगते. हो, १५ दिवसांमुळे मशीनवर जास्त रुग्ण बसतात. ज्या रुग्णालयात वेटिंग आहे तिथे याचा फायदा होतोच, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. मागे रांगेत उभी असलेली बाईसुद्धा कोणाची तरी आई आहे. पण गर्दी होती म्हणून ही पद्धत शोधली गेली आणि रुग्णाच्या माथी मारली, असं झालेलं नाही. आज तर ५ दिवसांत २६ ग्रे ही पद्धतही आहे. ब्रिटनमधल्या ४,०९६ रुग्णांच्या चाचणीतून तिचे पाच वर्षांचे निकाल २०२० मध्ये आले आणि काही केंद्रं निवडक रुग्णांना ती देतात. तिच्या शेजारी ठेवलं तर आईंना सांगितलेले १५ दिवस ही बऱ्यापैकी जुनी, दहा वर्षांचे निकाल हाताशी असलेली वाट आहे.

भावाच्या म्हणण्याबद्दल एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका बाईंचा सीटी स्कॅन झाला, त्यावरून प्लॅन तयार झाला, आणि आदल्या दिवशी घरच्यांनी फोन करून सांगितलं, आम्ही २५ देणारं ठिकाण बघतोय. त्यांनी दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे तपासून १५ च सांगितले. सहा आठवड्यांनी त्या परत आल्या, तेव्हा वजन बदललं होतं, सीटी पुन्हा करावा लागला, प्लॅन पुन्हा. त्या सहा आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण आम्ही कोणीच त्यांना सुरुवातीला बसवून हे नीट समजावलं नव्हतं. केमोनंतर लाईट लांबवणं चांगलं नाही. दुसरं मत जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे, पण याच आठवड्यात घ्या आणि इथली तारीख सोडू नका.

आता परदेशातल्या संशोधनाचा प्रश्न. हा प्रश्न चांगला आहे आणि तो विचारायलाच हवा. डीएनएची दुरुस्ती ब्रिटनच्या बाईत आणि कळव्याच्या बाईत वेगळी होत नाही. पण आजार कोणत्या टप्प्यावर सापडतो, ऑपरेशन कोणतं होतं, यात फरक असतो, आणि तिथे सावध राहावं लागतं. ब्रिटनच्या चाचणीत बहुतेक जणींचा स्तन राखलेला होता आणि गाठी लहान होत्या. आपल्याकडे अजून बऱ्याच जणी उशिरा येतात, पूर्ण स्तन काढावा लागतो, काखेतल्या गाठींपर्यंत (लिम्फ नोड्सपर्यंत) आजार गेलेला असतो. त्यांच्यासाठी चीनमधली चाचणी जवळची आहे. तिथे पूर्ण स्तन काढलेल्या आणि आजार पुढे गेलेल्या ८२० स्त्रियांना १५ दिवसांत ४३.५ ग्रे किंवा २५ दिवसांत ५० ग्रे दिले. २०१९ मध्ये निकाल आले : पाच वर्षांनी छातीवर किंवा काखेत आजार उलटण्याचं प्रमाण ८.३ आणि ८.१ टक्के, म्हणजे सारखंच. आईंचा स्तन राखलेला आहे, त्यामुळे त्या पहिल्या, जास्त तपासलेल्या गटात मोडतात.

काही गोष्टी मात्र खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहेत. काखेतल्या किती गाठींत आजार होता, त्याच बाजूला पूर्वी कधी लाईट घेतलाय का, स्तन नव्याने बांधला आहे का, ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारखा कातडी-सांध्यांचा आजार आहे का, यावर डॉक्टर पद्धत बदलतात. यातलं काही आईंना असेल आणि ते डॉक्टरांना सांगायचं राहिलं असेल तर आजच सांगा. बूस्टचंही तसंच. तरुण वयात त्याचा फायदा जास्त दिसतो. ५८ व्या वर्षी गाठीचा प्रकार, आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या कडांपर्यंत आजार होता का, हे बघून ठरवतात. आईंना १५ वर आणखी चार-पाच सांगितले तर घाबरू नका, आणि नाही सांगितले तर काही राहिलं असंही समजू नका.

प्रोटॉनबद्दल. खारघरच्या टाटा स्मारकच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू आहेत आणि ती आपल्या भागासाठी अभिमानाची गोष्ट आहे. साधे क्ष-किरण शरीरात शिरतात, वाटेत ऊर्जा सोडत जातात आणि पलीकडून बाहेर पडतात. प्रोटॉन हा वजनदार कण आहे. तो जसजसा हळू होतो तसतशी जास्त ऊर्जा सोडतो, आणि थांबण्याच्या जागी सगळ्यात जास्त. त्यापुढे जवळजवळ काहीच नाही. १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं की हे कॅन्सरसाठी वापरता येईल. लहान मुलांचे मेंदूचे कॅन्सर, कवटीच्या तळाशी किंवा मणक्याला चिकटलेल्या गाठी, एकदा लाईट झालेल्या जागी पुन्हा द्यायची वेळ, अशा ठिकाणी हा गुण फार मोलाचा ठरतो. आईंच्या बाबतीत आम्ही क्ष-किरण छातीत सरळ आत सोडतच नाही. दोन बाजूंनी तिरपे, छातीच्या गोलाईला घासून जातील असे सोडतो, म्हणजे मागे फुफ्फुसाचा पातळसा पट्टाच येतो. त्यामुळे स्तन राखलेल्या बहुतेक जणींना प्रोटॉनने मिळणारा जास्तीचा फायदा लहान असतो. क्वचित एखादीच्या छातीची ठेवण अशी असते की हृदय वाचवणं जमत नाही, तेव्हा डॉक्टर स्वतःच तो विषय काढतात. त्यांनी काढला नसेल तर यासाठी कर्ज काढू नका, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं असतं. पैशाची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

डाव्या बाजूसाठी जी गोष्ट खरंच विचारायला हवी ती श्वासाची आहे. हृदय डाव्या स्तनाच्या अगदी मागे असतं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये दिसलं की हृदयाला सरासरी एक ग्रे जास्त मिळाला की पुढे हृदयविकाराचा मोठा झटका वगैरे येण्याचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. हे मूळ धोक्याच्या ७.४ टक्के आहेत, शंभरातल्या सात जणी नव्हेत, हे लक्षात घ्या. पण टाळता येत असेल तर का टाळू नये? दीर्घ श्वास घेऊन रोखला की फुफ्फुस फुगतं, हृदय मागे आणि खाली सरकतं, आणि किरण फक्त तेवढ्याच वेळात सोडतात. आमच्याकडे श्वास न रोखता चार ग्रेच्या आसपास येणारी सरासरी रोखल्यावर बऱ्याचदा दोनच्या खाली जाते.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते. बाई टेबलावर हात डोक्यामागे घेऊन झोपतात. समोरच्या छोट्या पडद्यावर एक पट्टी श्वासाबरोबर वर-खाली होत असते, आणि वर एक हिरवा चौकोन असतो. श्वास भरून पट्टी चौकोनात नेऊन थांबवायची. वीसेक सेकंद. पट्टी चौकोनाबाहेर गेली की किरण आपोआप थांबतात, त्यामुळे खोकला आला, श्वास सुटला तरी चुकीच्या जागी काही पडत नाही. परवा कोपरखैरण्याच्या एक बाई पहिल्या दिवशी रडवेल्या झाल्या होत्या, आठ सेकंदांच्या वर जाईना. पोट फुगवत होत्या, छाती नाही. टेक्नॉलॉजिस्ट मुलीने त्यांचा हात त्यांच्याच बरगड्यांवर ठेवून दाखवलं, इथे भरा. चौथ्या दिवशी त्या बावीस सेकंद थांबल्या.

आता मशीन रोज तेवढंच देतं कशावरून. सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी आम्ही मशीन तपासतो. रोजच्या तपासणीत फरक ३ टक्क्यांच्या आत हवा, महिन्याच्या सविस्तर तपासणीत २ टक्क्यांच्या आत. महिन्याची तपासणी पाण्याच्या टाकीत होते, कारण शरीर बहुतांशी पाणीच आहे. पाण्यात ठरावीक खोलीवर पेन्सिलीच्या टोकाएवढी एक पोकळ डबी ठेवतो, तिच्यातल्या हवेत किरणांमुळे विद्युतभार तयार होतो आणि तो आम्ही मोजतो. डबीतली हवा बाहेरच्या हवेला उघडी असते, म्हणून बाहेरचं हवामानही मोजणीत शिरतं. आपल्याकडे जानेवारीत हवेचा दाब १०१३ मिलिबारच्या आसपास असतो, भर पावसाळ्यात तो १००३-१००४ पर्यंत उतरतो. डबीत हवा कमी, म्हणून आकडा कमी. खोलीत २२ अंश आणि दाब १००३ असेल तर वाचनाला १.७ टक्क्यांची दुरुस्ती करावी लागते. ती विसरलं तर मशीन कमी देतंय असं वाटून आपण नसलेली चूक दुरुस्त करायला जाऊ. म्हणून आमच्या टेबलावर दाबमापक असतो आणि जुलैत मी तो दोनदा वाचते. याखेरीज भाभा अणुसंशोधन केंद्राकडून टपालाने छोटे मापक येतात. आम्ही त्यांना ठरलेली मात्रा देऊन परत पाठवतो, आणि आम्ही दिली म्हणतो तेवढी खरंच पोचली का हे ते तिकडे स्वतंत्रपणे मोजतात.

सुट्टीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पावसाचे दिवस आहेत म्हणून सांगते. लोकल बंद पडली, मशीन बिघडलं आणि एक दिवस हुकला तर तो शेवटी जोडतात. घशाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये असे खाडे जास्त महागात पडतात, पण आईंनीही स्वतःहून खाडा करू नये. कधी भरपाईसाठी एका दिवशी दोनदा द्यायचं ठरलं तर मध्ये किमान सहा तास ठेवतात, दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणून. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने रोज येणार असाल तर गर्दी कमी असते ती वेळ मागून घ्या. वेळ बहुतेक ठिकाणी बदलून देतात.

अंगावर काढलेल्या शाईच्या खुणा साबणाने घासू नका. घामाने पुसट झाल्या तर घरी पेनाने गिरवूही नका, तसंच येऊन सांगा. आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, कारण ती कोणी सांगितली नाही तर घाबरायला होतं : १५ दिवसांच्या पद्धतीत कातडी सगळ्यात जास्त लाल होते ती उपचार संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत. कातडीच्या खालच्या थरातल्या पेशी मेल्या तरी वरचा थर झडायला वेळ लागतो. तेव्हा "संपलं आणि मग बिघडलं" असं वाटेल. तसं नसतं, बहुतेक जणींचं ते काही आठवड्यांत निवळतं. स्तनाखालच्या घडीत कातडी फुटून पाणी येऊ लागलं, ताप आला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

सीटीच्या दिवशी डॉक्टरांना आणि फिजिसिस्टला हे विचारा : रोज किती ग्रे आणि एकूण किती, काखेचा भाग घेतलाय का, बूस्ट आहे का, श्वास रोखून देणार का, आणि प्लॅनमध्ये हृदयाची सरासरी किती येते. शेवटचा आकडा कागदावर लिहिलेला असतो आणि तो विचारला म्हणून आमच्यातलं कोणी रागावत नाही.

श्वासाचा सराव तुम्ही आजपासूनच सुरू करू शकता. रात्री झोपताना आईंना उताणं झोपवा, हात डोक्यामागे. त्यांचा जखमेकडचा हात अजून पूर्ण वर जात नसेल तर फिजिओथेरपिस्टला आताच दाखवा, नाहीतर सीटीच्या टेबलावर अडचण होईल. मग छातीत सावकाश श्वास भरायला सांगा, आणि तुम्ही शेजारी बसून हळूहळू वीसपर्यंत आकडे मोजा. पहिल्या रात्री दहा झाले तरी पुरे.